मुंबई आणि गोवा यांच्या मधली बंदरं

मुंबईहून संध्याकाळी सुटलेलं क्रूझ जहाज दुसऱ्या दिवशी गोव्याच्या मुरगाव बंदरात पोचतं. मधलं अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. तेवढ्या अंतरात दिघी, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरांची रांग लागते. जहाज खोल समुद्रातून जातं, बराचसा वेळ रात्रीचा असतो आणि प्रवासी जेवणात, गाण्यांत किंवा झोपेत असतात. यातलं एकही बंदर त्यांना दिसत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला त्याची खंतही नसते, कारण त्याला जहाजच पाहायचं असतं. पोहण्याचा तलाव, थिएटर, अकरा मजले, खिडकीतून दिसणारं पाणी, यात त्याचे दोन दिवस भरून जातात. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा तिकीट काढणारा मात्र आधी एकच गोष्ट विचारतो: या खेपेला जहाज थांबणार कुठे?

हा प्रश्न आता आपल्या घरांतही ऐकू येतो. मुलाकडे अमेरिकेत राहून मायामीहून कॅरिबियन बेटं फिरून आलेले आईवडील, टूर कंपनीबरोबर सिंगापूरच्या जहाजावर जाऊन आलेली निवृत्त जोडपी, मुंबईतली नोकरी संपवून गावी परतलेले चाकरमानी, अशी माणसं आज कुडाळ-सावंतवाडीकडेही भेटतात. आमच्या नात्यातले एक काका मुंबई-गोवा क्रूझबद्दल म्हणाले होते, "जहाज बरा आसा, पण परत परत गोवाच कित्याक?" त्यांचं घर वेंगुर्ल्याच्या वाटेवर आहे. गोवा त्यांना मोटारीने दोन तासांवर. मुंबईला जाऊन, जहाजात बसून, आपल्याच घरासमोरून पुढे जाऊन गोव्यात उतरायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, यात त्यांना दुसऱ्या खेपेला काय मिळणार? त्यांच्या प्रश्नात तक्रारीचा सूर नव्हता. त्यांना खरंच आणखी कुठेतरी उतरायचं होतं.

जगभरात हीच मागणी आहे आणि ती दुबळी नाही. २०२३ साली समुद्री क्रूझवर सुमारे ३ कोटी १७ लाख लोक गेले. एकदा जाऊन आलेल्यांपैकी दहात आठ जण पुन्हा जाऊ म्हणतात, असं या उद्योगाच्या जागतिक संघटनेची पाहणी सांगते. म्हणजे हा धंदा परत येणाऱ्यांच्या जिवावर उभा आहे. तरीही बंदरांची यादी रुंदावण्याऐवजी आखडत चालली आहे, आणि त्याचं पहिलं कारण जहाजांच्या आकारात आहे. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीवर निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजात साडेसात हजारांहून अधिक प्रवासी मावतात. एवढं मोठं जहाज लागेल, एवढी माणसं एका सकाळी उतरतील आणि संध्याकाळपर्यंत परत चढतील, अशी बंदरं जगात मोजकीच. म्हणून कॅरिबियन समुद्रात नसाऊ, कोझुमेल, सेंट थॉमस ही नावं पुन्हा पुन्हा येतात.

यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे स्वतःची बेटं. नॉर्वेजियन कंपनीने १९७७ साली बहामातलं ग्रेट स्टिरप के घेतलं, तेव्हापासून ही वाट पडली. रॉयल कॅरिबियनने कोकोके बेटाचा २०१९ मध्ये पुरता कायापालट करून तिथे पाण्याच्या घसरगुंड्या उभारल्या. कार्निव्हलने २०२५ च्या जुलैत ग्रँड बहामावर स्वतःचं 'सेलिब्रेशन की' उघडलं. कंपनीचा हिशेब स्वच्छ आहे. प्रवाशाने किनाऱ्यावर खर्च केलेला पैसाही कंपनीच्याच गल्ल्यात पडतो, आणि बंदराच्या नगरपालिकेशी रोजची घासाघीस करावी लागत नाही. लहान मुलं बरोबर असलेल्या कुटुंबाला अशी जागा सोयीचीही वाटते. पण पाचव्यांदा आलेल्या प्रवाशाला तिथे नवं गाव, नवी भाषा, नवा बाजार यातलं काहीच मिळत नाही. जहाजावरची करमणूकच वाळूत मांडलेली असते. बंदरांची विविधता हवी म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरीकडून गावांनीही दार थोडं ओढून घेतलं. व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरच्या पाण्यात येणं बंद केलं. दुब्रोवनिकने दिवसाला दोनच जहाजं असा नियम बसवला. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मतदारांनी २०२२ मध्ये दिवसाला एक हजार प्रवासी एवढीच मर्यादा घातली. सांतोरिनीने २०२५ पासून दिवसाला आठ हजारांची रेषा आखली. पाहुणे येऊच नयेत, असं यातल्या कुठल्याच गावाचं म्हणणं नव्हतं. एका दिवशी किती जण उतरणार, हे ठरवण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतला. मालवणने हे उदाहरण नीट अभ्यासावं. तिथे अजून एकही क्रूझ जहाज नियमित लागत नाही, म्हणून तर ते आत्ताच अभ्यासायला हवं. जहाजं सुरू झाल्यावर आकडा खाली आणणं फार कठीण जातं.

भारतात काय झालं ते आता पाहू. २००५ मध्ये 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईत मुक्कामाला आली आणि गोव्याला, लक्षद्वीपच्या कडमतला जाऊ लागली. २०१६ च्या हिवाळ्यात इटलीच्या कोस्टा कंपनीने मुंबई ते मालदीव अशी सफर सुरू केली. २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' निघाली. नाव कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँक या प्रवाळ-पठाराचं. या बोटीने कोकणात मोठी आशा जागवली होती. वाटेत रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशा ठिकाणी थांबे देण्याची भाषा सुरुवातीला होती. प्रत्यक्षात ती मुंबई-गोवा अशीच धावली आणि २०२० च्या टाळेबंदीत थांबली. 'जलेश' कंपनीची 'कर्णिका' २०१९ मध्ये आली, पण वर्ष-दीड वर्षात कंपनीच बुडाली आणि जहाज अलंगला तोडायला गेलं. २०२१ च्या सप्टेंबरपासून 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' धावते आहे. हे १९९० साली बांधलेलं जहाज आधी अमेरिकी कंपनीकडे होतं. मुंबई-गोवा, मुंबई-कोची-लक्षद्वीप, आणि पावसाळ्यात चेन्नईकडून श्रीलंका, असे त्याचे मार्ग. २०२३ च्या अखेरीस 'कोस्टा सेरेना' काही आठवडे मुंबई, गोवा, कोची, लक्षद्वीप अशी फिरून गेली.

वीस वर्षांत इतकी जहाजं बदलली, मालक बदलले, पण मुंबईच्या दक्षिणेला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा एकही थांबा पक्का झाला नाही. याचा दोष कुणा एकावर टाकता येत नाही.

पाण्याची खोली ही पहिली अडचण. 'एम्प्रेस'सारख्या मध्यम जहाजाचाही सात मीटरच्या आसपास भाग पाण्याखाली असतो. मालवणचा उपसागर उथळ, खडकांनी भरलेला; सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या त्याच खडकांनी एके काळी शत्रूची जहाजं दूर ठेवली. वेंगुर्ल्यालाही मोठं जहाज धक्क्याला लागू शकत नाही. म्हणजे नांगर बाहेर टाकायचा आणि लहान बोटींनी माणसं आणायची. हिशेब करून पाहा. अठराशे प्रवासी, पन्नास माणसं बसतील अशा चार बोटी. प्रत्येक बोटीला नऊ खेपा. चढणं, येणं, उतरणं, परत जाणं याला अर्धा तास धरला तरी सगळे उतरायला साडेचार तास लागतात, आणि परत चढायला तेवढेच. दिवस तिथेच संपला. कंपनी मुरगावला थेट धक्क्याला जाते ती याचसाठी.

वेळ आणि पैसा यांचं गणितही थांब्याच्या विरुद्ध जातं. दोन-तीन रात्रींच्या सफरीत आणखी एक बंदर बसवायचं तर एक रात्र वाढते, तिकीट वाढतं. जहाज बंदरात उभं असताना कॅसिनो आणि दुकानं बहुतेक ठिकाणी बंद ठेवावी लागतात, म्हणजे कमाई थांबते आणि बंदराचं भाडं मात्र सुरू होतं. शिवाय आपल्याकडे आजही बहुसंख्य प्रवासी पहिल्यांदाच येणारे. त्यांना जाहिरातीत 'गोवा' हा शब्द लागतो. 'विजयदुर्ग' या शब्दावर तिकीट विकायला कष्ट पडतात आणि ते कष्ट अजून कुणी मनापासून घेतलेले नाहीत. कधी राज्यकर्तेही आडवे येतात. २०२२ च्या जूनमध्ये 'एम्प्रेस'ला पुदुच्चेरीत प्रवासी उतरवायची परवानगी मिळाली नव्हती. तिथे कॅसिनोचा मुद्दा निघाला होता.

ही कारणं खरी आहेत. पण ती सगळी मोठ्या जहाजाची कारणं आहेत. याच किनाऱ्यावर एका फेरीत आठ-नऊ बंदरं घेणाऱ्या बोटी पिढ्यान् पिढ्या धावल्या, हे आपण विसरून गेलो आहोत.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटणारी पणजीची आगबोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागायची. वाटेत दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. 'रोहिणी', 'कोकण सेवक', 'कोकणशक्ती' ही नावं साठीपुढच्या कुठल्याही सिंधुदुर्गकरासमोर घ्या, तो सांगायला लागेल. बहुतेक ठिकाणी बोट बाहेरच उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव जायचे, आणि हेलकावणाऱ्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा तो क्षण भल्याभल्यांना घाम फोडायचा. खलाशी बाळांना हातोहात वर घ्यायचे. ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सोलांचे डबे, पोस्टाच्या थैल्या, सगळं त्याच वाटेने. बोट लागलेली माणसं डेकवर पथाऱ्या टाकून पडलेली असत, त्यांच्या शेजारीच भजनाला रंग चढे. किनाऱ्यावर "बोट इली" अशी हाक उठली की बाजारपेठ जागी व्हायची. वेंगुर्ल्याचं महत्त्व तर घाटापलीकडे पोचलं होतं. सावंतवाडी आणि बेळगावकडचा माल याच बंदरातून जायचा-यायचा. डचांनी सतराव्या शतकात तिथे वखार घातली होती, तिचे अवशेष अजून उभे आहेत.

पावसाळा लागला की बोटी बंद. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला की परत सुरू. हे वेळापत्रक किनाऱ्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. बोटींच्या मालकीची कथाही आपल्या अभिमानाची आहे. इंग्रजी कंपनीच्या मक्तेदारीला उत्तर म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या लोकांनी भागभांडवल गोळा करून स्वदेशी कंपनी काढली. तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. या इतिहासात दुःखही आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. भर पावसाळ्यातली ती फेरी, त्यात बोटीत खच्चून माणसं. कोकणातल्या जलवाहतुकीबद्दल काहीही लिहिताना ती तारीख बाजूला ठेवता येत नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस पणजीची आगबोट बंद झाली. एसटी आणि महामार्गाने तिचे प्रवासी आधीच ओढले होते. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यावर पुन्हा बोट हवी असं म्हणायला कारणच उरलं नाही. कुडाळ स्टेशन झालं आणि आम्ही समुद्राकडे पाठ करून मुंबईला जाऊ लागलो. सोय झाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याबरोबर बंदरांना जोडणारा धागा तुटला. मालवणचा माणूस विजयदुर्गला समुद्रमार्गे जाऊ शकत नाही, ही गोष्ट त्याच्या आजोबांना खरी वाटली नसती.

इथे नॉर्वेचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १८९३ साली तिथे 'हुर्तिगरूतन' नावाची किनारी बोटसेवा सुरू झाली. आज तिचा मार्ग बर्गन ते किर्केनेस, ३४ बंदरांचा. कामही आपल्या आगबोटीचंच होतं: टपाल, माल, मासळी, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी माणसं. तिथेही रस्ते झाले, विमानं आली. पण सरकारने सेवा बंद केली नाही. ती निविदा काढून विकत घेत राहिलं आणि त्याच बोटींवर पर्यटकांसाठी चांगल्या केबिन बांधल्या गेल्या. आज जगभरातून माणसं त्या सफरीला येतात, आणि पुन्हा येतात. त्यामागचं साधं कारण बोटीच्या वेळापत्रकात आहे. उत्तरेकडे जाताना जी बंदरं रात्री लागतात, ती परतताना दिवसा लागतात. काही ठिकाणी बोट पंधरा मिनिटं थांबते, काही ठिकाणी तीन-चार तास. केबिनमधला पर्यटक आणि शेजारच्या गावी निघालेली शाळकरी मुलगी एकाच बोटीत असतात. परत येणाऱ्या प्रवाशाला हवी असलेली विविधता तिथे कुणी वेगळी तयार केलेली नाही. किनारा होता तसा बोटीशी जोडलेला राहिला, एवढंच.

एवढ्या लांब जायलाही नको. लक्षद्वीप प्रशासनाची 'समुद्रम' ही सफर कोचीहून निघते. 'एम. व्ही. कवरत्ती' हे जहाज बेटांवरच्या लोकांची ने-आण करतं आणि पर्यटकांनाही नेतं. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी तीन बेटं. रात्री जहाजात झोप, दिवसा बेटावर. जहाज बाहेर उभं राहतं, लहान बोटी प्रवासी आणतात. उथळ पाणी आणि लहान गाव असूनही भारतात हे चालतं, याचा हा चालता-बोलता पुरावा आहे. स्कॉटलंडमध्ये १९६४ ची एक जुनी फेरीबोट दुरुस्त करून 'हेब्रिडियन प्रिन्सेस' केली गेली. ती जेमतेम पन्नास पाहुणे घेते आणि मोठी जहाजं जिथे शिरूच शकत नाहीत अशा खाड्यांत नांगर टाकते. तिचं तिकीट महाग आहे, हेही सांगायला हवं.

माझं म्हणणं यातून निघतं. सिंधुदुर्गाला मोठ्या क्रूझसाठी खोल बंदर मागण्याची गरज नाही. मागणी लहान जहाजाची करायला हवी. दीडशे-दोनशे माणसांचं, उथळ पाण्यात येऊ शकणारं, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला असे थांबे घेणारं जहाज. मघाचाच हिशेब पुन्हा मांडला तर दीडशे प्रवासी पन्नासच्या बोटीने तीन खेपांत उतरतात. गावावर ताण पडत नाही. आणि अशा जहाजाचं गिऱ्हाईक म्हणजे नेमका तोच प्रवासी, ज्याचं मोठं जहाज पाहून झालेलं आहे. जाताना मुंबईहून रात्री सुटून सकाळी विजयदुर्ग, दुपारनंतर मालवण, दुसऱ्या दिवशी वेंगुर्ला आणि मग गोवा. परतताना दिवसाउजेडी, किनाऱ्याजवळून. देवगडच्या पवनचक्क्या, कुणकेश्वराचं शिखर, निवतीचा डोंगर, वेंगुर्ला खडकांवरचं दीपगृह हे सगळं डेकवरून दिसायला हवं. रात्रीच्या वाटेवर आपण आपला किनारा फुकट घालवतो आहोत.

किनाऱ्यावर उतरल्यावर काय, हा प्रश्न कंपन्या नेहमी विचारतात. तो योग्यही आहे. याचं उत्तर देताना मालवणचे लोक किल्ला आणि स्कूबा एवढ्यावर थांबतात. किल्ला आहेच. २५ नोव्हेंबर १६६४ ला बांधकाम सुरू झालेला, कुरटे बेटावरचा, आत शिवराजेश्वराचं मंदिर असलेला. पण परत येणाऱ्या प्रवाशाला दर खेपेला नवं काही हवं, आणि ते आत, कुडाळ तालुक्यात आहे. मालवणहून तासाभराच्या आत पिंगुळी. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावल्यांचे खेळ. परशुराम गंगावणे यांनी ही परंपरा घरच्या गोठ्यातून संग्रहालयापर्यंत आणली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पुढे वालावलचा तलाव आणि लक्ष्मीनारायणाचं देऊळ. कर्लीची खाडी, जी थेट देवबागला समुद्राला मिळते. नेरूरला रात्रीचा दशावतार, जो पाहायचा तर जहाजाने त्या रात्री मुक्कामच करायला हवा. वाटेवर धामापूरचा सोळाव्या शतकातला तलाव. वेंगुर्ल्याच्या बाजूने उतरलं तर डच वखार, काजूची वेंगुर्ला वाणं देणारं फळ संशोधन केंद्र, आणि सावंतवाडीची गंजिफा. विजयदुर्गला किल्ला तर आहेच, पण वाघोटणच्या खाडीतली गिर्ये इथली मराठा आरमाराची गोदी पाहायला जहाजातून आलेल्या माणसाइतका उत्सुक पाहुणा दुसरा कोण मिळणार?

आपल्याकडे असा प्रयोग रुळांवर होऊन गेला आहे, हे फारसं कुणी आठवत नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'डेक्कन ओडिसी' या आलिशान गाडीच्या मूळ आखणीत सिंधुदुर्ग, तारकर्ली, सावंतवाडी होतं. प्रवासी उतरत, खाडी पाहत, जेवत, गाडीत परतत. पुढे मार्ग बदलत गेले. त्या अनुभवाची नीट नोंद काढून ती बंदरांच्या कामी वापरायला हवी.

अडचणींबद्दल तितक्याच स्पष्टपणे बोललं पाहिजे. पहिली सुरक्षेची. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून दोघांचा जीव गेला. ज्या लहान बोटींवर ही सगळी कल्पना उभी आहे, त्या बोटी, त्यांचे तांडेल, लाइफ जॅकेट, बसवायची माणसं यांत कसलीही सूट चालणार नाही. आजचा साठीचा प्रवासी पडावातून शिडीवर उडी मारणार नाही आणि त्याने मारूही नये. तरंगती जेटी, भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होणारी, मालवण आणि वेंगुर्ला दोन्हीकडे लागेल. शिवाय २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची तपासणी कडक झाली आहे. सामान तपासायची, नोंद करायची बंदिस्त जागा लागेल, ती शेडमध्ये टेबल टाकून भागणार नाही.

दुसरी अडचण समुद्रावर पोट असलेल्यांची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. मालवणचे रापणकर आणि छोटे मच्छीमार आधीच मोठ्या जाळ्यांच्या ट्रॉलर-पर्ससीनशी झगडत आले आहेत. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हाही आपल्याला न विचारता रेषा आखली गेली ही त्यांची भावना होती. आता जहाजाची वाट त्यांच्या जाळ्यांवरून गेली तर तो विरोध रास्तच असेल. नांगर कुठे पडणार, कुठल्या महिन्यांत, कुठल्या वेळी, हे आधी त्यांच्याबरोबर ठरायला हवं. प्रवाळ असलेल्या जागी नांगर पडताच कामा नये. त्यासाठी कायमचे बांधलेले तरंगते बोये लागतात. प्रवासी आणणाऱ्या बोटी याच घरांतल्या असाव्यात, दर त्यांच्या संस्थेने ठरवावा. किल्ल्याची होडी-वाहतूक मालवणचे लोक आजवर सांभाळत आले आहेत, त्यामुळे हे त्यांना नवं नाही.

सरकारी पातळीवर हालचाल आहे. ३० सप्टेंबर २०२४ ला 'क्रूझ भारत मिशन' सुरू झालं. २०२९ पर्यंत समुद्री क्रूझचे प्रवासी दुपटीने वाढवायचे असं त्याचं उद्दिष्ट. मुंबईचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं. त्याची क्षमता वर्षाला दहा लाख प्रवाशांची सांगितली जाते. निवृत्त युद्धनौका 'गुलदार' निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. आणि २०२५ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर मुंबई ते जयगड आणि विजयदुर्ग अशी रो-रो बोटसेवा जाहीर झाली. मोटारीसकट माणसं नेणारी, विजयदुर्गला पाच-सहा तासांत पोचवणारी.

या सगळ्यात मला रो-रोची बातमी टर्मिनलपेक्षा मोठी वाटते. टर्मिनल मुंबईहून निघण्याची सोय करतं. कुठे पोचायचं हे ते ठरवत नाही. रो-रो मात्र विजयदुर्गला धक्का, खोली, तिकीटघर, तपासणी या सगळ्याची व्यवस्था करायला भाग पाडते. ती व्यवस्था गावकऱ्यांच्या रोजच्या उपयोगाने जिवंत राहिली तर तिच्याच शेजारी लहान क्रूझ जहाज नांगर टाकू शकेल. तीच बोट पुढे आठवड्यातून दोनदा मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत आणावी, काही केबिन ठेवाव्यात, केबिनच्या चढ्या तिकिटातून डेकवरचं स्थानिक तिकीट स्वस्त ठेवावं. नॉर्वे आणि लक्षद्वीप दोन्ही ठिकाणी हे गणित सरकारी पैशाच्या आधाराने चाललेलं आहे. इथेही पहिली काही वर्षं तो आधार लागेल, आणि महाराष्ट्र सागरी मंडळाने तो द्यावा. गणपतीत चाकरमान्यांसाठी जादा गाड्या, जादा एसट्या सोडताना नफा-तोटा पाहत नाहीत. बंदरांना एवढं मागण्याचा हक्क आहे.

मोसमही ठरवून घ्यावा लागेल. ऑगस्टअखेरच्या गणपतीला समुद्र अजून खवळलेला असू शकतो, तेव्हा घाईने मुहूर्त साधण्यापेक्षा दसऱ्यानंतर सुरुवात बरी. नाताळच्या आठवड्यात मालवण-तारकर्लीला पाय ठेवायला जागा नसते, पाण्याचे टँकर फिरत असतात. त्या आठवड्यात जहाज मालवणला न थांबता विजयदुर्ग आणि वेंगुर्ल्याला थांबावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गर्दी कमी, समुद्र शांत, जत्रांचा हंगाम, काजूला बहर. परत येणाऱ्या प्रवाशासाठी हेच दिवस उत्तम. मे महिन्यात आंबा आहे, पण उकाडा आणि मुंबईकरांची गर्दीही आहे. मेच्या शेवटी बोटी बंद, आगबोटीच्या काळी व्हायच्या तशाच.

वेंगुर्ल्याच्या वाटेवरच्या काकांना अशा जहाजाबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी तिकिटाची किंमत विचारली नाही. ते एवढंच म्हणाले, "वेंगुर्ल्यात बोट दिवसा लागतली काय?"